चिकू, उंची चौदा इंच

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर.
बाल्कनीत काही ठेवू नये, अशी सूचना लिफ्टमध्ये आहे.
अकरा वर्षं वाचतोय.
झाड बाल्कनीत नाही, स्टुलावर आहे.
स्टूल बाल्कनीत आहे.

रायणीवरचं कलम. बंदराजवळच्या रोपवाल्याने
दहा दिरहम कमी केले, मुळं वेडीवाकडी म्हणून.
मला वेडीवाकडीच हवी होती.
दर दुसऱ्या फेब्रुवारीत ते कुंडीतून उपसतो,
जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून
मुळांचा तिसरा हिस्सा कापतो.
चीक लागतो कात्रीला, बोटांना, मग दाराच्या कडीला.
विद्युल्लता म्हणते, निदान जेवणं तरी उरकू द्या.

उन्हाळ्यात इथे थंड पाण्याचा नळ पोळतो.
टाकी गच्चीवर, गच्ची उन्हाच्या मांडीवर.
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा, त्यातून गार येतं.
पाहुण्यांना हे समजावता येत नाही.
झाडाला समजलंय.
शमाल वाहून गेला की ओल्या कापसाने
एकेक पान पुसतो,
न्हाऊ घातलेल्या पोराचे कान पुसावेत तसं.

पानं आता करंगळीच्या नखाएवढी.
जो येतो तो स्टुलासमोर वाकतो,
चष्मा कपाळावर चढवतो
आणि म्हणतो, अगदी आपल्यासारखंच की हो, मुळं छाटलेली!
मी चहा टाकतो.
माझी मुळं कुणी छाटलेली नाहीत.
मी डक्टचे नकाशे काढतो, पगार वेळेवर होतो,
डावा गुडघा सोडला तर बरा आहे.
झाड हे झाड आहे.

एका फांदीपुढे मात्र मी हरलो.
आधी ॲल्युमिनियमची तार, मग तांब्याची,
दोन वर्षं गुंडाळून ठेवली. सोडली की पुन्हा वर,
उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या पोरासारखी.
सालीवर वळ उठले.
मीच शरमलो. तार काढली.

त्याच फांदीला ऑक्टोबरात पाच फुलं.
चार खुडली.
राहिलेल्याकडे आठ महिने बघत बसलो.
पान आखडलं होतं, खोड आखडलं होतं,
फळाला मात्र कुणी काही सांगितलंच नव्हतं.
सुपारी झाली, लिंबू झालं,
मग ते थांबेचना.
कांद्याच्या जाळीची झोळी बांधावी का?
म्हटलं, बघू.

घोलवडहून हरेश्वर, व्हिडिओवर:
झाड कुठाय?
हे.
आणि हा?
याचाच.
त्याच्यामागे बागेत बेडण्या घेऊन माणसं खोळंबलेली.
बराच वेळ बोलला नाही.
अरे, हा तर आपल्याएवढाच आहे.
मग एकदम धंद्याच्या आवाजात:
नखाने खरवड. हिरवं दिसलं तर हात लावू नकोस.

जूनमध्ये पिवळं दिसलं.

चार दिवस तांदळाच्या डब्यात.
कापला तेव्हा दार उघडं होतं,
शेजारची मारिसेल रात्रपाळीहून परतत होती.
बशी बघून थबकली. चिको!
मला वाटलं, आमचंच ऐकून म्हणाली.
नाही, तिच्या गावी, बाताआनलाही हाच शब्द.
बूट न काढता उंबऱ्यावर उभ्यानेच फोड खाल्ली,
बी तळहातावर घेतली, काळी, चकचकीत,
आणि युनिफॉर्मच्या खिशात टाकली.
विद्युल्लता म्हणाली, गोडीला जरा कमीच.
कमीच होता.

वजन उतरून तीन आठवडे झाले,
फांदी अजून खालीच आहे.
मी ठरवली होती त्याहून बोटभर जास्त वाकलेली,
आणि भिंतीकडे, जिकडे मी तिला कधी नेलं नसतं.
तारेचं भेंडोळं स्क्रूच्या डब्यात टाकलंय.

काल शफीकुल वॉचमन वर आला,
सूचनेबद्दल बोलायला.
स्टुलासमोर वाकला.
जाताना दारातून वळून विचारलंन,
पुढचं कधी?